तिलाच विचारा : अठरा पूर्ण झाल्यानंतरचं दीड वर्ष

मुलगी ऑगस्ट २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिला बौद्धिक अक्षमता आहे. जुन्या कागदांवर ‘मतिमंदत्व’ असा शब्द आहे. ओळखीचे शब्द वाचता येतात, वीसपर्यंत मोजता येतं, बोलणं स्पष्ट आहे, पण उत्तर यायला वेळ लागतो. अठरा पूर्ण होताच दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपते, अल्पवयीन मुलाचं म्हणून उघडलेलं बँक खातं अडतं, मतदार यादीचा अर्ज भरायचा असतो, आणि नात्यातलं कुणीतरी विचारतं, “आता पालकत्वाचं काय?” हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि कुठल्याही एका खिडकीवर एकत्र कळत नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. आमचं गाव तालुक्याचं, जिल्ह्याचं ठिकाण ४२ किलोमीटरवर.

तयारी सुरू केली जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे वाढदिवसाच्या सात महिने आधी. निम्मं काम त्याच सात महिन्यांत झालं.

आधी सही. बँक, रुग्णालय, मतदान केंद्र, सगळीकडे सही लागते आणि ती दरवेळी सारखी यावी लागते. अंगठा चालतो, कायद्यानं त्यात कमीपणा काही नाही. पण अंगठ्याच्या खात्यावर पैसे काढताना बऱ्याच शाखा दरवेळी ओळख पटवायला माणूस मागतात, मग स्वतंत्र खात्याचा अर्थच राहत नाही. म्हणून सहीच ठरवली. पूर्ण नाव नाही, फक्त पहिलं नाव, देवनागरीत, जोडाक्षर टाळून. जाड पुठ्ठ्यात सहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापली. ती कागदावर ठेवायची आणि आत सही करायची. रोज चार सह्या, जास्त नाहीत. पाचव्या सहीपासून अक्षर विस्कटायचं. दोन महिन्यांनी पुठ्ठ्याची वरची कड कापून टाकली, चौथ्या महिन्यात फक्त खालची पट्टी उरली, आणि जुलैत नुसत्या रेघेवर सही येऊ लागली. एक चूक झाली: सगळा सराव पेन्सिलीने केला. बॉलपेन घेतल्यावर हात घसरला आणि तीन आठवडे मागे गेलो. पहिल्या दिवसापासून बॉलपेनच द्यावं.

दुसरी तयारी बोलण्याची. काउंटरवर बसलेला माणूस आधी आईकडे बघतो आणि विचारतो, “हिचं नाव काय?” आई उत्तर देते. तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न आईलाच येतो. हे मोडायचं तर पहिलं वाक्य मुलीचं असायला हवं. आम्ही पाच वाक्यं लिहिली होती. तिने त्यातली दोन नको म्हणून सांगितली. ‘मला अक्षमता आहे’ हे तिला म्हणायचं नव्हतं. उरली ती तीन अशी: “नमस्कार, माझं नाव अमुक. मला समजायला थोडा वेळ लागतो. हळू विचारा, मी सांगते.” हीच वाक्यं ठळक अक्षरात छापलेलं पोस्टकार्डाएवढं कार्ड तिच्या पर्समध्ये ठेवलं. बोलताना अडली तर कार्ड पुढे करायचं.

सराव घरातच, टेबल आडवं लावून. पलीकडे शेजारचे काका कारकून. त्यांना तीन गोष्टी मुद्दाम करायला सांगितल्या: मान वर न करता बोलायचं, मध्येच फोन घ्यायचा, आणि “उद्या या” म्हणायचं. खऱ्या कचेरीत हेच घडतं, आणि गोड कारकुनासमोर केलेला सराव तिथे उपयोगी पडत नाही. “उद्या या” ला तिचं उत्तर ठरलं: “काय कमी आहे ते लिहून द्या.” दीड वर्षात सगळ्यात जास्त कामाला आलेलं वाक्य हेच.

या सरावात सगळ्यात जड गेलं ते माझं गप्प राहणं. प्रश्न आला की मनात दहा मोजायचे. सहा-सातपर्यंत जीव वर-खाली होतो, समोरचा माणूस अस्वस्थ होतो, मागची रांग चुळबुळते. पण उत्तर बहुतेक वेळा आठ-नऊला येतं. उभं कुठे राहायचं यानेही फरक पडतो. शेजारी उभं राहिलं की प्रश्न आपोआप आपल्याकडे येतो. एक पाऊल मागे राहिलं की समोरच्याला मुद्दाम मान वळवावी लागते, आणि वळवलीच तर मी एवढंच म्हणायचं: “तिलाच विचारा.”

आधारचं काम मार्चमध्ये उरकलं. पंधराव्या वर्षीचे बोटांचे ठसे आणि बुबुळं यांचं नूतनीकरण आधीच झालं होतं. ते राहिलं असेल तर बँकेत ठसा जुळत नाही आणि कारण कुणाला कळत नाही, म्हणून आधी तपासून घ्या. तिच्या हातातल्या फोनचा नंबर आधारला जोडला. तेव्हा त्याचे ५० रुपये पडले. माझा नंबर मुद्दाम जोडला नाही. ओटीपी माझ्या फोनवर येत राहिला असता तर पुढचा प्रत्येक व्यवहार माझाच झाला असता.

सप्टेंबर २०२३ मध्ये यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरला. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा या वयांना नव्याने करावं लागतं. अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलमधून निघतं, हाताने लिहिलेलं नवं मिळत नाही. अर्जाला पैसे नाहीत. अडचण येते ती दोन ठिकाणी. फोटो आणि सहीच्या फाइलला आकाराची मर्यादा असते, मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढत नाही. आणि आधारवर इंग्रजीत नाव जसं आहे तसंच्या तसं हवं. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं आणि अर्ज पुन्हा भरावा लागला. पावती छापून घ्या; रुग्णालयात तिच्यावरचा नोंदणी क्रमांकच विचारतात.

पहिली फेरी ४ ऑक्टोबरला, बुधवारी. प्रमाणपत्राचं काम आमच्या जिल्ह्यात ठरावीक वारीच चालतं, फोन करून वार विचारून जा. सरकारी रुग्णालयात ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरला पैसे पडत नाहीत. सकाळी आठला रांगेत उभ्या राहिलो, साडेबाराला मानसशास्त्रज्ञांपर्यंत पोचलो आणि चाचणीची तारीख मिळाली ८ नोव्हेंबर. पाच आठवडे! त्या दिवशी परतीच्या एसटीत फार खचल्यासारखं वाटलं. ती मात्र रांगेतल्या दोन मुलींची नावं सांगत होती.

ते पाच आठवडे वाया घालवू नका. बौद्धिक अक्षमतेत टक्केवारी ठरते ती मुख्यतः व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) या, रोजच्या जगण्यातलं काय काय जमतं ते मोजणाऱ्या मोजपट्टीवरून. भारतीय आवृत्तीत ८९ बाबी आहेत: जेवण, कपडे, स्वतःचं स्वतः करणं, बोलणं, ये-जा, लोकांत मिसळणं, काम. बुद्ध्यांकाची चाचणी मुलीची होते, पण या ८९ बाबींची माहिती पालकांना विचारतात. आणि पालक दोन टोकांना चुकतात. काही जण लाजेपोटी “सगळं करते हो” म्हणतात. काही जण टक्के कमी पडतील या धास्तीने “काहीच येत नाही” म्हणतात, तेही मुलीसमोर. म्हणून दोन आठवडे वहीत तीन रकाने केले: स्वतः करते, सांगितल्यावर करते, करत नाही. रोजच्या रोज खुणा. वही तिनेच ठेवली, खुणाही तिनेच केल्या, रोज रात्री माझ्याशी पडताळून. केस विंचरणं कुठल्या रकान्यात यावर आमचं भांडण झालं आणि ती जिंकली, कारण सकाळी मी सांगायच्या आधी तिने विंचरलेले होते.

टक्क्यांच्या धास्तीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यापायीच कितीतरी घरांत मुलांना मुद्दाम काही शिकवत नाहीत. ‘एकटी बाजारात जाते असं कळलं तर सवलत जाईल,’ हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. आमच्या वेळी लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांतले टप्पे असे होते: व्हीएसएमएसचा गुण ७० ते ८४ असेल तर २५ टक्के, ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के, २० किंवा त्याखाली १०० टक्के. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे मुलगी स्वयंपाक शिकली, एसटीने जाऊ लागली आणि तिचा गुण ५५ वरून ६५ वर गेला तरी टक्केवारी ५० च राहते. प्राप्तिकरात अवलंबित दिव्यांगासाठी जी वजावट मिळते तिथेही ४० च्या वर ७५ हजार आणि ८० च्या वर सव्वा लाख असे दोनच टप्पे आहेत. आमची आधीची टक्केवारी ७५ होती, आता ५० आली. कार्डावरचा पट्टा तेव्हाही पिवळाच असता आणि आताही पिवळाच आहे: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. आमचं व्यवहारात काही गेलं नाही.

८ नोव्हेंबरच्या चाचणीला दीड तास लागला. मानसशास्त्रज्ञांनी वही मागून घेतली आणि निम्मे प्रश्न तिलाच विचारले. “बाहेर एकटी जातेस?” ती म्हणाली, “दुकानात जाते. बँकेत नाही.” २२ नोव्हेंबरला तिसरी फेरी, वैद्यकीय मंडळापुढे पाच मिनिटं. प्रमाणपत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर दिसू लागलं, प्लास्टिकचं कार्ड जानेवारीत टपालाने आलं. तिन्ही फेऱ्यांचं भाडं, जेवण, फोटो, झेरॉक्स मिळून खर्च ९५० रुपये. चाचणीच्या दिवशी डबा आणि पाणी न्याच. भुकेल्या पोटी दिलेली चाचणी खरी नसते.

११ डिसेंबरला बँकेत गेलो. खातं ती नऊ वर्षांची असताना उघडलं होतं, माझ्या सहीवर. अठरा पूर्ण झाले की माझी सही चालत नाही. तिचा नवा फोटो, सही आणि केवायसी लागते. हे ठीकच आहे. तिने तिची तीन वाक्यं म्हटली. काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, पालकत्वाचा दाखला आणा, त्याशिवाय होणार नाही.” मुलीने पर्समधून कार्ड काढून पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, परत दिलं आणि पुन्हा माझ्याशीच बोलू लागल्या. त्या दिवशी ती रस्ताभर बोलली नाही.

पालकत्वाची चौकशी म्हणून केलीच. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमून देऊ शकते. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. नेमणूक झाली की पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हा भाग सहसा कुणी सांगत नाही. दुसरी वाट २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या कलम १४ ची, मर्यादित पालकत्वाची: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून एकत्र निर्णय.

माझं मत असं झालं: जमिनीचा वाटा, घराची विक्री, मोठी शस्त्रक्रिया असं काही समोर असेल, किंवा मुलाला व्यवहाराचा अर्थच पोचत नसेल, तर पालकत्व जरूर घ्यावं, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण पासबुक चालू करायला म्हणून घेऊ नये. एकदा दाखला फायलीत लागला की पुढचा प्रत्येक कारकून त्याच्याकडे बोट दाखवणार, आणि मुलीच्या सहीला पुन्हा कुणी विचारणार नाही. तिलाही विचारलं, सोप्या शब्दांत: “तुझे पैसे मी सांभाळायचे की तू, मी मदत करून?” उत्तराला दोन दिवस लागले. “मी. तू बघ.”

मग ८ जानेवारी २०२४ ला पत्र दिलं. तिच्या नावाने, तिच्या सहीने, चार ओळींचं: ‘माझं वय १८ पूर्ण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १३ नुसार मला इतरांच्या बरोबरीने माझे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क आहे. माझं खातं माझ्या एकटीच्या नावाने चालू करावं. नकार असल्यास कारण लेखी द्यावं.’ सोबत यूडीआयडी, आधार, दोन फोटो. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यायची. पोच देताना टाळाटाळ झाली, तेव्हा तिने ठरलेलं वाक्य म्हटलं, “काय कमी आहे ते लिहून द्या.” शिक्का मिळाला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. ती वेळ आमच्यावर आली नाही. अकराव्या दिवशी शाखा व्यवस्थापकांचा फोन आला, तोही तिच्या नंबरवर. समोर बसवून त्यांनी तिला तीन प्रश्न विचारले: हे खातं कुणाचं, पैसे कोण काढणार, पिन कुणाला सांगायचा. तिसऱ्याला ती म्हणाली, “आईला पण नाही.” हे तिला मी शिकवलं नव्हतं. ५ फेब्रुवारीला खातं सुरू झालं. शून्य शिल्लक चालणारं मूलभूत बचत खातंच मागा. त्यात एटीएम कार्ड मिळतं आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. आमची गरज त्यात भागते.

एटीएमला सात आठवडे गेले. पिन आकडा म्हणून नाही, बोटाची वाट म्हणून बसवला: पुठ्ठ्यावर बटणं काढली आणि कुठून कुठे जायचं ते हाताला शिकवलं. जन्मसाल ठेवू नका, ते प्रत्येक कागदावर असतं. दिवसाची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपवरून हजार रुपये केली. एखादी चूक झालीच तर तिथे थांबते. पायऱ्यांची चित्रं आठ: कार्ड, भाषा, पिन, पैसे काढणं, बचत खातं, रक्कम, नोटा, कार्ड परत. आधी एकाच मशीनवर शिकवलं, हे बरोबर केलं. दुसऱ्या मशीनवर कार्ड आत घालून लगेच बाहेर काढायचं असतं, आपल्या मशीनवर ते आतच राहतं. दोन्ही एकदम शिकवली की गोंधळ होतो. स्क्रीन जास्त वेळ थांबत नाही, हळू केलं की व्यवहार रद्द होतो. ‘रद्द झालं म्हणजे पैसे गेले नाहीत’ हे तिला वेगळं सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ती रडली. पिन दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा दाबायचा नाही, कार्ड घेऊन घरी यायचं. मागचा माणूस मदतीला पुढे आला तर, “नको, मी करते.” हे वाक्य टेबलावरच्या सरावाने येत नाही. घरात ती भाजीला, कपड्याला, पाहुण्यांकडे जायला “नको” म्हणाली तर आम्ही ऐकायला लागलो, तेव्हा कुठे एटीएममध्ये तिच्या तोंडून ते मोठ्याने निघालं.

एसटी हा सगळ्यात अवघड टप्पा, आणि भीती तिच्यापेक्षा आम्हाला जास्त. बारा किलोमीटरवरच्या कार्यशाळेत तिला प्रवेश मिळाला होता, कागदी पिशव्या आणि पणत्यांचं काम. एप्रिल २०२४ मध्ये सुट्टीतच सराव सुरू केला. शेवटची पायरी आधी तिच्या एकटीवर सोडायची, हे शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं तंत्र इथे लावलं. पहिला आठवडा मी शेजारी. दुसरा, मी दोन बाकं मागे. तिसरा, उतरल्यावर कार्यशाळेपर्यंतची तीनशे पावलं ती एकटी, मी थांब्यावर. चौथा, मी मधल्या थांब्यावर उतरून जायची. पाचवा, ती एकटी चढायची आणि तिचे बाबा गाडीच्या मागे दुचाकीवर. सहाव्या आठवड्यात तिला न सांगता मावशी त्याच गाडीत. १० जूनला, सोमवारी, एकटी.

चुका कुठे झाल्या ते सांगते. गावाच्या नावाची पाटी ती ओळखायची, पण त्याच गावाची दुसरी गाडी वेगळ्या रस्त्याने जाते आणि पाटीवर ‘मार्गे’ असं बारीक अक्षरात असतं. ती गाडी दोनदा पकडली गेली. उपाय पाटीत नाही, तोंडात आहे: चढण्याआधी, “मास्तर, कार्यशाळेच्या फाट्यावर थांबणार?” मग चुकीच्या गाडीत आम्ही मुद्दाम बसलो, एकत्र, आणि चुकल्यावर काय करायचं ते करून पाहिलं: जागेवर बसून राहायचं, कंडक्टरला सांगायचं, मोठ्या स्टँडवर उतरायचं, तिथल्या चौकशी खिडकीजवळ उभं राहून फोन करायचा. गाडीच आली नाही तर नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन. हा आकडा घड्याळावर लाल टिकलीने खुणावला आहे.

तिकिटाचंही एक आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्ध तिकीट आहे, त्यामुळे कंडक्टर न विचारताच अर्ध तिकीट फाडतात. दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण कार्ड दाखवून मागावी लागते. पूर्ण तिकीट वीस, माझं दहा, तिचं पाच. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा दहा दिले, कारण मागितलंच नाही. “कार्ड आहे, पाच” हे तीन शब्द पुढच्या आठवड्यात आले. एका कंडक्टरांनी विचारलं, “सोबत कोण आहे?” ती म्हणाली, “कुणी नाही. मी रोज जाते.” त्या वेळी ती तिसऱ्यांदा चालली होती. रेल्वेत हे जमत नाही: तिथे बौद्धिक अक्षमतेची सवलत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ती एकटी गेली तर पूर्ण भाडं. शिकलेल्या मुलांना हा नियम मागे ओढतो, तो बदलायलाच हवा.

मतदार यादीचा नमुना ६ चा अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्येच भरला होता. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही. “अशा मुलांना मत असतं का?” हा प्रश्न घरातूनच आला. असतं. सक्षम न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवल्याशिवाय नाव नाकारता येत नाही. प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान. पंधरा दिवस आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं यंत्र केलं: सोळा ओळी, समोर फळांची चित्रं, निळ्या बटणांच्या टिकल्या. खरी चिन्हं मुद्दाम घेतली नाहीत, नाहीतर सरावातल्याच बटणाकडे हात गेला असता. उमेदवारांची माहितीपत्रकं घरी येतील तशी तिच्यापुढे ठेवली, वाचून दाखवली आणि आमचं मत सांगायचं टाळलं. फार कठीण गेलं, जेवताना विषय निघायचाच. खोलीतला क्रम पाठ करून घेतला: पहिल्या टेबलावर कार्ड आणि नाव, दुसऱ्यावर डाव्या तर्जनीला शाई आणि वहीत सही, तिसऱ्यावर चिठ्ठी द्यायची, मग आडोशामागे बटण. लाल दिवा, लांब ‘पीऽऽ’, आणि शेजारच्या यंत्राच्या काचेत सात सेकंद कागद दिसतो. तो दिसेपर्यंत हलायचं नाही. ओळखीसाठी मतदार कार्डाऐवजी यूडीआयडीही चालतं. सोबती नेता येतो, पण तो अठरा वर्षांवरचा हवा, गुप्तता राखण्याचं लिहून द्यावं लागतं आणि एका माणसाला एकाच मतदाराचा सोबती होता येतं. आम्ही सोबती घेतला नाही.

दुसऱ्या टेबलावर मला आत बोलावण्यात आलं, “आईंनी दाबलं तरी चालेल.” ती म्हणाली, “नको, मी करते.” एटीएमचं वाक्य. मी दाराबाहेरच थांबले. आवाज ऐकू आला, आणि त्यानंतरही ती बराच वेळ आडोशामागेच होती, काचेतला कागद जाईपर्यंत. घरी आल्यावर आजीने विचारलं, “कुणाला दिलंस गं?” तिने सांगितलं नाही. मलाही अजून माहीत नाही.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस एसटीची भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली. आम्ही पेपरात वाचलं होतं, पण तिच्या तिकिटाशी जोडलं नाही. रोज सकाळी एक पाचाचं नाणं डाव्या खिशात, एवढीच तिची सवय. सोमवारी कंडक्टरांनी जास्त मागितले आणि नाणं पुरलं नाही. आतल्या कप्प्यात ‘अडचणीची वीस’ अशी एक नोट सात महिने घडी घालून पडलेली होती. ती तिने काढून दिली, सुटे घेतले, आणि कार्यशाळेत पोचल्यावर फोन केला: “तिकीट वाढलं. उद्या जास्त ठेव.” मी म्हटलं, “तूच ठेव.” आता फडताळात सुट्या पैशांचा डबा तिच्या उंचीला ठेवला आहे, आणि आतल्या कप्प्यात नवी वीसची नोट.